'केवळ संस्कृती' म्हणू नका

जपानमध्ये ऑगस्ट हा मृतांनी घरी येण्याचा महिना समजला जातो. दिवसभर उन्हाची काहिली सोसलेली गावे संध्याकाळ झाली की घराबाहेर पडतात. शाळेच्या मैदानात, देवळाच्या पटांगणात अथवा वसाहतीतल्या मोकळ्या जागेत एक लाकडी मचाण उभारलेले असते. त्याला 'यागुरा' म्हणतात. मचाणावर मोठा ढोल, तेथून चहूकडे ताणलेल्या दोऱ्यांना कागदी कंदील, आणि कडेने किसलेल्या बर्फाची, परतलेल्या शेवयांची, कागदी जाळीने सोनेरी मासे पकडण्याच्या खेळाची दुकाने. 'युकाता' नावाचा सुती पोशाख ल्यालेल्या आजीबाई पुढे आणि त्यांची पावले पाहून पावले टाकणारी नातवंडे मागे, असे रिंगण संथ गतीने मचाणाभोवती फिरत राहते. हा 'बोन ओदोरी', म्हणजे बोन सणाचा नाच होय. कॅथलिक ख्रिस्तमंदिरांना जोडून चालणाऱ्या अनेक बालवाड्यांच्या अंगणातही उन्हाळी मेळाव्याला हा नाच होतो आणि क्रुसाखाली कंदील लागतात.

संत गोन्सालो गार्सिया यांच्यामुळे वसईच्या ख्रिस्ती समाजाचे जपानशी रक्ताचे नाते जडले आहे. त्यामुळे नागासाकीच्या यात्रेला जाऊन आलेला माणूस असो की तेथील नुसती छायाचित्रे पाहिलेला, क्रुसाखालच्या त्या कंदिलांविषयी मत देण्यास आपल्याकडे कोणी मागे राहत नाही. ही मते दोन प्रकारची आढळतात. पहिले मत असे, की बोन हा बौद्धांचा पितरांचा सण. ख्रिस्तमंदिराच्या आवारात तो नाचू देणे म्हणजे ज्या श्रद्धेसाठी सव्वीस जण क्रुसावर गेले त्या श्रद्धेला विसरणे. दुसरे मत असे, की अहो, ती केवळ संस्कृती आहे; मुले नाचतात, गंमत करतात, त्यात धर्म कशाला आणता? पहिले मत कठोर वाटते, दुसरे उदार. आम्हांस दोन्ही मते अमान्य आहेत. आणि वाचकांना नवल वाटेल, पण त्यांतले दुसरे, उदार दिसणारे मत आम्हांस अधिक घातक वाटते. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम बोन म्हणजे काय ते पाहू. 'बोन' हे 'उराबोन' या शब्दाचे लघुरूप. त्याचा संबंध 'उल्लंबन' या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. सणामागची कथाही आपल्याच भूमीतल्या माणसांची आहे. बुद्धांचा शिष्य मौद्गल्यायन, ज्याला जपानी लोक मोकुरेन म्हणतात, त्याला आपली मृत आई प्रेतलोकात भुकेने तळमळताना दिसली. त्याने तिला अन्न दिले, पण ओठांपाशी जाताच त्याचा अग्नी झाला. अखेर बुद्धांच्या सांगण्यावरून त्याने वर्षावास संपवून आलेल्या भिक्षूंना अन्नदान केले आणि आईची सुटका झाली. चीनमार्गे जपानात पोहोचलेल्या या कथेवर तेथील घराघरांनी आपल्या पूर्वजांची माया चढवली. बहुतेक भागांत ऑगस्टच्या १३ तारखेला दारात स्वागताचा विस्तव पेटवतात, १६ तारखेला निरोपाचा. मृतांनी लवकर घरी यावे म्हणून काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात. परतताना त्यांनी सावकाश जावे म्हणून वांग्याची गाय करतात. आई येताना घोड्यावर यावी आणि जाताना गाईच्या पाठीवरून रेंगाळत जावी, असे ज्या लेकरांना वाटते, त्यांच्या सणाला 'केवळ संस्कृती' म्हणणे हा त्या लेकरांचा अपमान नव्हे काय?

नागासाकीत तर १५ ऑगस्टच्या संध्याकाळी ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल, ते घर मृतासाठी एक नौका सजवते आणि फटाक्यांच्या दणदणाटात ती रस्त्यांवरून वाहून नेते. त्याच दिवशी उराकामीच्या ख्रिस्तमंदिरात पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो. याच तारखेला १५४९ साली संत फ्रान्सिस झेवियर यांनी कागोशिमाच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले. याच तारखेला १९४५ साली जपानच्या शरणागतीची घोषणा झाली. आणि त्याच्या सहा दिवस आधी, ९ ऑगस्ट रोजी, पडलेल्या अणुबॉम्बने उराकामीच्या सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार जणांचा बळी घेतला, असे सांगतात. त्या नगरात ऑगस्टमध्ये मृतांची आठवण कोण बौद्ध पद्धतीने काढतो आणि कोण ख्रिस्ती, हा प्रश्न उरतोच. परंतु तेथे कोणीही ही आठवण गंमत म्हणून काढत नाही.

आता पहिल्या मताकडे वळू. बोनच्या रिंगणात पाऊल टाकणारा ख्रिस्ती माणूस श्रद्धाभ्रष्ट होतो, हे आम्हांस पटत नाही. करिंथच्या मंडळीला लिहिताना संत पौलापुढे असाच प्रश्न होता: मूर्तींपुढे ठेवलेले मांस बाजारात विकायला येते, ते ख्रिस्ती माणसाने खावे की नाही? पौलाने सरसकट बंदी घातली नाही. मूर्ती काहीच नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याने निःशंक खावे, असे त्याने सांगितले. परंतु ज्याच्या विवेकाला त्याचा धक्का बसेल अशा बांधवासमोर खाऊ नये, हेही त्याने तितक्याच ठामपणे सांगितले. म्हणजे पौलाच्या लेखी पदार्थापेक्षा शेजारी बसलेल्या माणसाचा विवेक मोठा होता. हे सूत्र वाचकांनी लक्षात ठेवावे. आम्हांस पुढे त्याची गरज पडणार आहे.

जपानी ख्रिस्तसभेनेही याच मार्गाने विचार केला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ मधील घोषणेने अन्य धर्मांतील सत्याविषयी आणि पावित्र्याविषयी आदर शिकवला. त्यानंतर वीस वर्षांनी, १९८५ साली, जपानच्या कॅथलिक बिशपांच्या वतीने पूर्वज आणि मृत यांच्यासंबंधी भाविकांसाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. बौद्ध घरात लग्न होऊन गेलेल्या कॅथलिक सुनेने घरच्या देव्हाऱ्याचे काय करावे, शेजाऱ्याच्या अंत्यविधीत उदबत्ती लावावी काय, असे रोजच्या जगण्यातले प्रश्न घेऊन तिने उत्तरे दिली. मृतांचा आदर करणे आणि मृतांची उपासना करणे यांतला भेद तिने समजावला, आणि आदराचा दरवाजा उघडा ठेवला. ज्या देशात कॅथलिकांची संख्या अवघी चार लाखांच्या आसपास आहे, जेथे बहुतेक ख्रिस्ती घरांत कोणी ना कोणी बौद्ध आहे, तेथल्या मेंढपाळांनी अनुभवातून काढलेला हा निष्कर्ष आहे. वसईत बसून त्यांना बावळट ठरवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

शिवाय जपानी सण म्हणजे बाहेरच्या वाऱ्याला मज्जाव करणारा बंद वाडा, ही समजूतही खरी नाही. क्योतो नगरीचा गिओन उत्सव जुलैभर चालतो. इ. स. ८६९ मध्ये साथीच्या रोगाचे निवारण व्हावे म्हणून झालेल्या विधीत त्याचे मूळ सांगतात. त्याच्या मिरवणुकीत उंच रथ निघतात. 'कांको-होको' नावाच्या रथाच्या दर्शनी बाजूस जो भरजरी पडदा मिरवला गेला, तो सोळाव्या शतकात युरोपात फ्लँडर्समध्ये विणलेला आहे, आणि त्यावरचे चित्र आहे उत्पत्तीच्या पुस्तकातले: विहिरीपाशी अब्राहामाच्या सेवकाला पाणी पाजणारी रिबेका. ज्या काळात जपानमध्ये ख्रिस्ती असणे हा देहान्ताचा गुन्हा होता, त्या काळातही पवित्र शास्त्रातील ही कन्या शिंतो देवस्थानाच्या उत्सवात मिरवली. तिला कोणी ओळखले नाही, एवढेच. हाताने घडवलेली सुंदर वस्तू कोणाच्याही अंगणात जाऊ शकते. नाचाचेही तसेच आहे. सगळे नाच पुरातनही नाहीत. देशभरच्या रिंगणांत वाजणारे 'टोकियो ओंदो' हे गीत १९३३ साली ध्वनिमुद्रिकेवर आले. त्याचे पहिले रूप आदल्याच वर्षी टोकियोच्या मारुनोउची भागातील व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने तयार झाले आणि हिबिया उद्यानात नाचले गेले. त्या गीताच्या ठेक्यावर हात हलवणारे बालवाडीतले मूल कोणत्या देवाचा द्रोह करते?

मग वाचक विचारतील, की तुम्ही स्वतःच नाचाचे समर्थन करता, तर 'केवळ संस्कृती' म्हणणाऱ्यांवर एवढे रुष्ट का? कारण वाचकहो, हे दोन शब्द जपानच्या इतिहासात निरागस नाहीत.

ज्या १९३२ साली हिबिया उद्यानात तो नाच झाला, त्याच वर्षीच्या मे महिन्यात टोकियोच्या येशूसंघीय सोफिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांना, तेथे नेमलेल्या लष्करी अधिकाऱ्याने यासुकुनी देवस्थानात नेले. दोन-तीन कॅथलिक विद्यार्थ्यांनी तेथे मान लववली नाही. तेवढ्यावरून लष्कराने आपला अधिकारी काढून घेतला, वृत्तपत्रांतून काहूर उठले आणि विद्यापीठाच्या अस्तित्वावरच गदा आली. टोकियोचे आर्चबिशप शांबों यांनी शिक्षण खात्याला विचारले, की हे वंदन धार्मिक आहे काय? खात्याने कळवले, की विद्यार्थ्यांचे हे वंदन शिक्षणाचा भाग असून देशभक्ती आणि राजनिष्ठा व्यक्त करण्यापलीकडे त्याला दुसरा अर्थ नाही. या उत्तराच्या आधारे १९३६ च्या मे महिन्यात रोमच्या धर्मप्रसार मंडळाने जपानी कॅथलिकांना अशा समारंभांत भाग घेण्याची मोकळीक दिली.

त्या वेळच्या धर्माधिकाऱ्यांची कोंडी आम्ही समजू शकतो. परंतु घडले काय ते पाहा. 'हा धर्म नव्हे, ही तर आपली रीत,' असे एकदा मान्य झाले की नकार देणाऱ्याला उभे राहायला जागाच उरत नाही. धर्म म्हटला तर 'माझा धर्म निराळा' असे म्हणता येते. रीत म्हटली, संस्कृती म्हटली, की नाकारणारा माणूस देशद्रोही तरी ठरतो, नाही तर माणूसघाणा. वंदन धार्मिक नाही असे ठरल्यामुळे ते सक्तीचे करणे सोपे झाले. पुढे १९४० साली सरकारने 'चोनाइकाई' म्हणजे आळीआळींची शेजारमंडळे आदेशाने देशभर बांधून काढली. शिधावाटपापासून एकमेकांवर नजर ठेवण्यापर्यंत सर्व कामे त्यांच्याकडे आली. ज्या मंडळाकडून तांदूळ मिळायचा, त्याच मंडळाच्या रांगेत उभे राहून देवस्थानाला वंदन करायचे. अशा स्थितीत 'मी येणार नाही' हे शब्द कोण उच्चारणार? युद्ध संपल्यावर, १९४७ साली, ही मंडळे बरखास्त करण्यात आली आणि त्याच वर्षी अंमलात आलेल्या संविधानाच्या २० व्या कलमाने कोणालाही धार्मिक समारंभात भाग घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. १९९५ साली, युद्धसमाप्तीच्या पन्नासाव्या वर्षी, जपानच्या बिशपांनी शांतीविषयक निवेदनात युद्धकाळातील आपल्या वर्तनाबद्दल खेद व्यक्त केला. ती कबुली आम्ही विसरू नये.

यापूर्वीचा इतिहास तर याहून कडू आहे. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली. त्यानंतर प्रत्येक कुटुंबाला बौद्ध विहारात नाव नोंदवावे लागे. नागासाकीत सुवा देवस्थानाचा 'कुन्ची' उत्सव १६३४ साली सुरू झाला, त्यामागे ख्रिस्ती नगराला देवस्थानाच्या छत्राखाली आणण्याचा सत्ताधाऱ्यांचा हेतू होता. नववर्षाच्या दिवसांत आळीआळीतून 'फुमिए' फिरवले जाई: ख्रिस्ताचे अथवा मरियेचे चित्र जमिनीवर ठेवून प्रत्येकाने त्यावर पाय द्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या ही सक्ती चालल्यावर तिचीही रीत झाली, आणि हायकू लिहिणाऱ्यांच्या ऋतुशब्दांच्या यादीत वसंताची एक खूण म्हणून तिने स्थान मिळवले! वाचकहो, छळाची सुद्धा संस्कृती होते. फक्त पुरेशी वर्षे लोटावी लागतात. लपून राहिलेले ख्रिस्ती लोक मृताच्या घरी बौद्ध भिक्षू मंत्र म्हणत असताना पलीकडच्या खोलीत हळू आवाजात आपल्या प्रार्थना म्हणत. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा ख्रिस्तमंदिरात त्यांच्यापैकी काही जणांनी फादर पतिजां यांना आपली ओळख सांगितली, तोवर त्या प्रार्थनांना अडीचशे वर्षे झाली होती. त्या पलीकडच्या खोलीतल्या माणसांना कोणी सांगितले असते, की 'अहो, ती केवळ संस्कृती आहे', तर त्यांनी काय उत्तर दिले असते?

हे सगळे जुने झाले, असे म्हणून सुटका नाही. १९६५ साली त्सु नगरपालिकेने व्यायामशाळेच्या पायाभरणीला सरकारी पैशातून शिंतो विधी केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दहा विरुद्ध पाच मतांनी तो सामाजिक रूढीचा भाग ठरवला. विरोधी मत देणाऱ्यांत स्वतः सरन्यायाधीश फुजिबायाशी होते. ते ख्रिस्ती होते. पुढे आत्मसंरक्षण दलातील एका मृत जवानाला, त्याच्या ख्रिस्ती पत्नीच्या इच्छेविरुद्ध, यामागुची प्रांतातील देवस्थानात देव म्हणून प्रतिष्ठापित करण्यात आले. ती न्यायालयात गेली. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा फेटाळला, आणि दुसऱ्यांच्या धर्माचरणाविषयी तिने सहिष्णुता दाखवावी, असा बोध केला. पंधरा न्यायमूर्तींपैकी एकानेच निर्णायक विरोध नोंदवला. सारे नगर ज्यांच्या बाजूने होते त्यांना नव्हे, तर एकट्या विधवेला सहिष्णुतेचा उपदेश! नंतर वारे काहीसे फिरले, हेही नमूद केले पाहिजे. १९९७ साली एहिमे प्रांताने यासुकुनीला दिलेली देणगी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. २००२ साली सागा जिल्हा न्यायालयापुढे तोसु नगरातील रहिवासी मंडळाचे प्रकरण आले. मंडळाच्या वर्गणीतच देवस्थानाचा खर्च मिसळलेला होता, आणि तो देण्यास नकार देणाऱ्यांना मंडळ सभासद मानीत नव्हते. न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली.

हा शेवटचा दावा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो साध्या आळीतला आहे. उन्हाळी उत्सव आकाशातून पडत नाही. शेजारमंडळ घरोघर फिरून वर्गणी गोळा करते. देणगीदारांची नावे कागदाच्या पट्ट्यांवर लिहून मांडवात टांगली जातात. मचाण कोणी बांधायचे, पालखी कोणी खांद्यावर घ्यायची, दुसऱ्या दिवशी पटांगण कोणी झाडायचे, हे त्याच मंडळात ठरते. या श्रमांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि, जो वर्गणी देत नाही त्याच्या दारासमोरचा कचरा कोणी उचलायचा नाही, असे ठरू लागले, तर ते रिंगण राहत नाही, त्याचा फास होतो.

'केवळ संस्कृती' या शब्दांचा दुसरा अपायही आहे, आणि तो सणालाच होतो. संस्कृती म्हटली की तिचे प्रदर्शन मांडता येते. २०१६ साली जपानमधील तेहतीस रथोत्सव आणि २०२२ साली बोनच्या नाचांसह एकेचाळीस लोकनृत्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. त्यांत गुजो हाचिमान या डोंगरातल्या गावाचा नाचही आहे. तेथे उन्हाळ्यात सुमारे तीस रात्री नाच चालतो, बोनच्या चार रात्री तर पहाटेपर्यंत. आणि परका माणूसही सरळ रिंगणात शिरू शकतो. यादीत नाव गेल्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु २०२३ साली क्योतोच्या गिओन मिरवणुकीसाठी प्रत्येकी चार लाख येन दराची खास आसने विकायला काढण्यात आली. साथीने भयभीत झालेल्या नगराची जी प्रार्थना होती, ती अशी थंड पेयांसह पाहण्याची वस्तू झाली. पुढे अशा आसनांविषयी यासाका देवस्थानाच्या मुख्य पुजाऱ्यांनीच नापसंती दर्शवली. शिंतो पुजारी आणि आम्ही अनेक बाबतींत एकमेकांचे म्हणणे मान्य करणार नाही. पण प्रार्थना हा तमाशा नव्हे, या एका बाबतीत आम्ही त्यांच्या बाजूला उभे राहू. ज्याची श्रद्धा आहे आणि ज्याची नाही, अशा दोघांचाही अवमान करणारा तिसरा माणूस असतो. त्याला श्रद्धा ही सजावट वाटते.

तर मग क्रुसाखालच्या त्या कंदिलांचे काय? आमचे म्हणणे दोन प्रश्नांत सांगता येईल. पहिला प्रश्न: या नाचाचा अर्थ मुलांना खरा सांगितला जातो काय? बोन हा मृतांचा सण आहे, बौद्ध बांधव अशा अशा श्रद्धेने तो पाळतात, आपण मृतांना अन्न देत नाही तर त्यांच्यासाठी पित्याजवळ प्रार्थना करतो, आणि म्हणून शेजाऱ्याच्या आजीची आठवण होते त्या रात्री आपणही तिच्या शेजारी उभे राहतो, हे जर धर्मगुरूंनी आणि शिक्षिकांनी स्पष्ट सांगितले, नाच सुरू होण्यापूर्वी त्या वर्षी वारलेल्यांची नावे घेऊन मिस्सा अर्पण केला, तर तो नाच ख्रिस्तमंदिराच्या अंगणात खुशाल व्हावा. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा: ज्याला नाचायचे नाही, त्याला रिंगणाबाहेर उभे राहता येते काय, आणि बाहेर उभा राहिला तरी तो आपलाच राहतो काय? पौलाने मांसाविषयी जो न्याय लावला, तोच हा न्याय होय. दोन्ही प्रश्नांची उत्तरे 'होय' असतील, तर सणाला कोणाचीही भीती नाही. एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर त्याला संस्कृती म्हणा की धर्म म्हणा, त्याच्या पोटात १९३२ साल दडलेले आहे.

येथे कोणी म्हणेल, की मूठभर लोकांनी साऱ्या गावाच्या आनंदाला अटी घालाव्यात हे बरे नव्हे. आमचे उत्तर असे, की बाहेर उभे राहण्याची मुभा हीच आत येणाऱ्याच्या आनंदाची किंमत ठरवते. सक्तीने नाचणाऱ्या हजारांच्या रिंगणापेक्षा स्वखुशीने नाचणाऱ्या वीस जणांचे रिंगण मृतांनाही अधिक आवडेल. आणि ही मुभा आम्ही फक्त ख्रिस्ती माणसासाठी मागत नाही. कॅथलिक बालवाडीत येणाऱ्या बौद्ध घरच्या मुलाला नाताळच्या नाटकात देवदूत व्हायचे नसेल, तर तेथेही हाच न्याय लागू आहे. जपानमधील कॅथलिक शाळांत बहुसंख्य मुले ख्रिस्ती नसतात. तेथे आपली परीक्षा दरवर्षी होते.

आणि वसईत? जपानमध्ये आपण मूठभर आहोत. पण येथे अशी गावे आहेत जेथे आपणच बहुसंख्य आहोत. गावच्या क्रुसाच्या सणाला वर्गणी मागायला आपण ज्या घरी जातो, त्या घरच्या माणसाने नम्रपणे नकार दिला, तर आपण पुढच्या वर्षी त्याच्याशी पूर्वीसारखेच बोलतो काय? की 'अहो, हा धर्म नव्हे, ही तर गावची रीत' असे शिक्षण खात्याचे शब्द आपल्याही तोंडून निघतात? आपल्या सांस्कृतिक मेळाव्यात आपल्या मुली लाल लुगडी नेसून मंचावर येतात, टाळ्या घेतात; परंतु ते लुगडे नेसून ज्या आजीने भाताची लावणी केली, उपवास केले, पहाटेच्या मिस्साला अनवाणी चालत गेली, तिचे नाव त्या मंचावरून कोणी घेतो काय? जपानच्या कंदिलांवर बोट ठेवण्यापूर्वी आपण आपल्या मंचावरच्या दिव्यांकडे पाहिलेले बरे.

गोन्सालो गार्सिया हे वसईत जन्मले, येशूसंघीयांसोबत जपानला गेले, तेथील भाषा शिकले, काही काळ व्यापारात राहिले, आणि पुढे फिलिपिन्समध्ये फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाउतिस्ता यांच्यासोबत ते पुन्हा जपानमध्ये आले ते दुभाषी म्हणून. राज्यकर्त्या हिदेयोशीपुढे फ्रान्सिस्कनांचे म्हणणे त्यांनी जपानी भाषेत मांडले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पंचवीस जणांसह ते क्रुसावर गेले. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. आपण त्यांना रक्तसाक्षी म्हणून आठवतो, ते योग्यच आहे. पण मरणापूर्वी ते दुभाषी होते, हे विसरू नये. दुभाष्याला दोन गोष्टी वर्ज्य असतात. समोरच्याचे शब्द परके म्हणून त्याला कान झाकता येत नाहीत. आणि ते शब्द अर्थहीन आहेत, नुसता गोड आवाज आहे, असेही त्याला म्हणता येत नाही. त्याला अर्थ समजून घ्यावा लागतो, तो जसाच्या तसा सांगावा लागतो, आणि त्यानंतर स्वतःचे 'होय' किंवा 'नाही' स्वतःच्या जबाबदारीवर उच्चारावे लागते.

बोनच्या नाचाला पाप म्हणणारे आपले बांधव कान झाकून घेतात. त्याला 'केवळ संस्कृती' म्हणणारे त्यातला अर्थ पुसून टाकतात. वसईच्या त्या दुभाष्याने या दोहोंपैकी काहीही केले नाही. जपानी ख्रिस्ती बांधवांच्या अंगणातील कंदिलांविषयी बोलताना त्याचे वारस म्हणवणाऱ्या आपण त्याच्याइतकी भाषा शिकावी. आणि तेवढे जमत नसेल, तर निदान त्यांना उपदेश करण्याचे सोडावे.